आधी दिवा, मग बटण

माझ्या बापाने माणूस मारला नाही. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण आधी काय आणि मग काय, यावरच आमच्या घराचं वाटोळं झालंय. ज्याला ऐकायचं त्याने याच क्रमाने ऐकावं. मधेच "पण बटण तर त्यानेच दाबलं ना?" म्हणणाऱ्यांना मी आताशा चहासुद्धा विचारत नाही.

आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहतो. माझे आबा, निंबा त्यांचं नाव, उधन्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये स्टेंटरवर ऑपरेटर होते. स्टेंटर म्हणजे ओलं कापड दोन्ही काठांनी ताणून धरत, गरम खोल्यांमधून नेऊन वाळवणारं मशीन. इतकं लांब की पुढच्या टोकाच्या माणसाला मागचा दिसत नाही, आणि आवाज असा की हाक मारली तर स्वतःलाही ऐकू येत नाही. पुढे आबा असायचे, मागे लोटूकाका. दोघं पारोळ्याकडच्या एकाच गावचे, एकाच गाडीने सुरतेत उतरलेले. घरंही भिंतीला भिंत लागून. माझ्या मायने मेथी केली की वाटी लोटूकाकांच्या बायकोकडे, छायाकाकूकडे जायची आणि काकूकडून रिकामी कधी परत यायची नाही.

मागच्या रोलरला कापड गुंडाळलं गेलं की मशीन थांबवायचं, लोटूकाकांनी जाळी उघडून आत हात घालून ते कापून काढायचं, जाळी लावायची, मग पुढून आबांनी मशीन सुरू करायचं. आता मागचं काम झालं हे पुढच्याला कळणार कसं? तर या दोघांनी एक दोरी बांधली होती, मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आबांच्या बाजूला तिला रद्दी साडीची लाल चिंधी. काकांनी मागून दोन हिसके दिले की चिंधी नाचायची, आणि ती नाचल्याशिवाय आबा बटणाला हात लावायचे नाहीत. सेठ समोर उभा राहून शिव्या देत असला तरी नाही.

मग मिलमध्ये नवं कार्ड आलं. कार्ड म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक पाटी, इच्छापोरच्या एका कंपनीने बनवलेली. जाळी उघडी असली की आबांच्या समोर लाल दिवा, लावली की हिरवा. ते बसलं दसऱ्याच्या तोंडावर. आपल्या लोकांचं माहीतच आहे, दसऱ्याला मशीन धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडू, नारळ. आबांनी नव्या पॅनेलला हार घालायला घेतला तर मधे ती कळकट चिंधी. नव्या देवासमोर जुनं फडकं कशाला, म्हणून आबांनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली आणि तिच्यानेच हार बांधला. लोटूकाका मागून येऊन हसले, "आपला टेलिफोन कापी टाका का, निंबाभाऊ?"

"आते दिवा शे ना," आबा म्हणाले.

त्यात चूक काय होती? सगळ्या मिलने तेच केलं असतं. कंपनीचा माणूस तर म्हणाला होता की या दिव्यावर डोळे मिटून भरवसा ठेवा.

ते घडलं दुपारच्या पाळीत. मागे कापड गुंडाळलं गेलं. काकांनी जाळी उघडली, कापलं, जाळी लावली. मग बहुतेक त्यांना एखादी पट्टी आत राहिलेली दिसली असेल, कारण त्यांनी जाळी पुन्हा उघडली. पुढे आबांना हिरवा दिवा दिसत होता. आबांनी बटण दाबलं. रोलरने आधी बाही ओढली. त्यापुढचं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर मी तिथून उठते.

पोलीस आले, कंपनीचा मॅनेजर आला. कार्डात प्रत्येक गोष्टीची नोंद राहते, ती त्याने काढली. जाळी उघडी, आणि जाळी उघडी असताना बटण दाबलेलं. आता लाल दिवा असतानाही बटण दाबून धरलं तर मशीन थोडंथोडं सरकतं, अडकलेलं कापड मोकळं करायला ती सोय ठेवलेली असते. मॅनेजर म्हणाला, या माणसाने लाल दिव्यावर बटण दाबून धरलं, घाई केली. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

आबा एकच सांगत राहिले. पोलिसांना, सेठला, मायला, आणि कुणी नसलं तर भिंतीला. "आधी हिरवा दिवा लागना, मंग मी बटन दाबं."

जामीन झाला, पण काम गेलं. नळावर बायका मायला जागा सोडून उभ्या राहायला लागल्या. दहाव्याला आबा मुंडण करून गेले तर छायाकाकूच्या भावाने, भिकनने, त्यांना दारातूनच हाकललं. काकू आत बसलेली होती, तिने मान वर केली नाही. ज्या भिंतीतून एकमेकींची खोकल्याची उबळसुद्धा ऐकू यायची, तिच्यातून आता काहीच येईना. आबांचं जेवण तुटलं. बसल्या जागी उजव्या हाताचा अंगठा बघत राहायचे, ज्याने बटण दाबलं तो.

मी धनश्री. माझं डोकं लवकर तापतं, हे गल्लीला ठाऊक आहे. डिप्लोमा करून मी भरतकामाच्या मशीनचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. म्हणजे असल्या कार्डांच्या पोटात काय चालतं ते मला कळतं. माझा बाप खोटं बोलत नाही हेही मला कळतं. मग कार्ड खरं आणि बापही खरा, असं कधी होऊ शकेल? महिनाभर हाच किडा डोक्यात. आणि मग एक दिवस कामावर आमच्याच कार्डाचा एक भुताटकीसारखा दोष शोधताना माझ्या हातातला चहा थंड झाला. असं होऊ शकतं. अगदी रोज होऊ शकतं.

इच्छापोरच्या त्या कंपनीत किरण होता, माझ्याच वर्गातला. वडील यवतमाळकडून आलेले, लूमवर राबलेले. मी सुट्टी टाकून थेट गेटवर गेले आणि त्याला बाहेर टपरीवर बोलावलं.

"नव्या कार्डात चिपला डोकी किती?" मी विचारलं.

"दोन. एक मागची जाळी बघतं, एक पुढचा दिवा."

"आणि जुन्यात?"

"एकच." त्याने माझ्याकडे पाहिलं. "प्रोग्राम जुनाच आहे, धनू. मीच नव्या चिपवर आणला. चालत होता तो."

"मागचं डोकं पुढच्याला बातमी कशी देतं?"

"एका जागी लिहितं, जाळी उघडी की बंद. मग दुसऱ्या जागी खूण करतं, की नवी बातमी आहे. पुढचं डोकं खूण बघतं, बातमी वाचतं, खूण पुसतं. साधी गोष्ट आहे."

"आणि त्या दोन लिहिण्यांच्या मधे बॅरियर?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "व्होलाटाइल लावलंय की सगळीकडे."

"ते कंपायलरला कळतं, गाढवा. चिपला कोण सांगणार?"

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, आणि ते मी मायला जसं सांगितलं तसंच सांगते. माय आधी ताट वाढते, मग हाक मारते, "जेवाले या." हाक ऐकू आली म्हणजे ताट वाढलेलं आहे, या भरवशावर आपण पाटावर बसतो. आता समजा, वेळ वाचवायचा म्हणून कुणी हाक आधी मारली आणि ताट मागून वाढलं. आपण जाऊन बसतो तर समोर सकाळचंच उष्टं ताट. नव्या चिपा हेच करतात. दोन गोष्टी लिहायला सांगितल्या तर ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने त्या दुसऱ्या डोक्याला दिसतील, असं त्या कबूलच करत नाहीत. जी आधी पोचेल ती पोचेल. एकच डोकं असलं तर त्याला स्वतःचा क्रम नीट दिसतो, म्हणून जुन्या कार्डात काही बिघडलं नाही. डोकी दोन झाली की मधे सांगावं लागतं, याच्या आधीचं सगळं पोचल्याशिवाय याच्या पुढचं पोचवू नकोस. ती एक ओळ असते. तिलाच बॅरियर म्हणतात. व्होलाटाइल ही ताकीद फक्त कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला असते, चिपपर्यंत ती जातच नाही.

ती ओळ नव्हती. लोटूकाकांनी जाळी पुन्हा उघडली, मागच्या डोक्याने "उघडी" असं लिहिलं आणि खूण केली. पुढच्या डोक्याला खूण आधी पोचली. ते वाचायला गेलं तर तिथे अजून जुनीच बातमी, "बंद". दिवा हिरवा केला आणि खूण पुसून टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत खरी बातमी पोचलीसुद्धा, पण आता ती वाचणार कोण? खूणच नव्हती. दिवा हिरवाच राहिला, आणि नोंदीत मात्र नंतर पोचलेलं खरं उतरलं, जाळी उघडी.

"नाही," किरण म्हणाला. "चाचणीच्या बेंचवर महिनाभर चालवलंय. एकदाही नाही चुकलं."

"चालवताना स्क्रीनवर ओळी छापत होतास?"

"छापणारच. नाहीतर दिसणार कसं?"

"छापायला वेळ लागतो. त्या वेळात बातमी पोचून जाते. तू बघत होतास म्हणून ते नीट वागत होतं, किरण. मिलमध्ये ओळी बंद होत्या."

त्याचा चहा तसाच राहिला. रविवारी त्याने मला कंपनीत आत घेतलं. बेंचवर कार्ड ठेवलं, जाळीच्या जागी आपोआप उघडझाप करणारं बटण लावलं, ओळी छापणं बंद केलं, आणि कार्ड चुकलं तरच थांबेल असं केलं. सकाळभर टकटक टकटक. काही नाही. किरणच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता. आम्ही डब्यातली पोळी काढली आणि टकटक थांबली. जाळी उघडी. दिवा हिरवा. तो हिरवा तसाच, शांतपणे, कुणी येऊन विझवायची वाट बघत जळत होता. किरण खाली फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याची दया आली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त आबांना फोन करायचा होता.

मग त्याने ती एक ओळ टाकली. संध्याकाळपर्यंत टकटक चालू राहिली, एकदाही थांबली नाही.

सरकारी चौकशी मिलच्या ऑफिसात होती. किरण स्वतःहून यायला तयार झाला. "नोकरी जाईल," मी म्हटलं. "जाऊ दे," तो म्हणाला, "मला झोप येत नाहीये." आदल्या दिवशी आमच्या वकिलांनी सांगितलं की कार्ड चुकू शकतं एवढंच आपण दाखवू शकतो. त्या दिवशी चुकलंच, हे कार्ड सांगणार नाही. अशा चुकीचा माग राहत नाही. तिथे दोनच माणसं होती, त्यातला एक गेला. उरलेल्याने सरळ सांगायला हवं, आधी दिवा, मग बटण. बाकी एक अक्षर नाही.

मायने आबांना दोन घास भरवत तेच घोकून घेतलं. आबा मान हलवत होते.

चौकशीला सेठ होता, कंपनीचा मॅनेजर होता, चौकशीचे साहेब आणि त्यांचा टायपिस्ट. एका कोपऱ्यात छायाकाकू आणि भिकन. साहेब वाईट माणूस नव्हते, उगाच कशाला बोलू. थकलेले होते, तेवढंच. किरणने कार्ड लावून दाखवलं. वेळ लागला, पण ते थांबलं, सगळ्यांच्या देखत. मॅनेजरचा चेहरा पडला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदा आबांकडे नीट पाहिलं.

"बोलो काका. क्या हुआ था?"

आबा उठले. माय पदर चावत होती.

"साहेब," आबा म्हणाले, "दिवा हिरवा झाला. मग मी बटण दाबलं."

झालं. मी डोळे मिटले. बस, आबा, आता खाली बसा.

पण आबांची नजर कोपऱ्यात गेली होती, छायाकाकूवर. आणि त्यांना गप्प बसवेना.

"पण साहेब, दोरी नव्हती. तीस वर्षं आम्ही दोरीवर चाललो. लोटूने हिसका दिल्याबिगर मी कधी हात लावला नाही. ती दोरी मीच सोडली, दसऱ्याला, या हाताने. दोरी असती तर मी थांबलो असतो. दिवा काय, दिव्याला लोटू माहीत होता का? मी पक्कं केलं नाही, साहेब. पक्कं न करता दाबलं."

"आबा!" मी ओरडले. वकिलांनी माझा हात दाबला.

साहेब टायपिस्टला गुजरातीत सांगायला लागले. माणसाच्या डोक्यात शेवटचं ऐकलेलं आधी राहतं, तसं त्यांनी तेच आधी सांगितलं. "में खातरी कर्या वगर बटन दबाव्युं." मग जरा थांबून, कागदांकडे बघत, "लाइट लीली थई."

खात्री न करता मी बटण दाबलं. दिवा हिरवा झाला.

मी उठून उभी राहिले. "साहेब, उलटं झालं! दिवा आधी. ते आधी दिवा म्हणाले. असं वाचलं तर वाटतं बटण दाबल्यावर दिवा झाला. वरची ओळ खाली घ्या, साहेब, नुसती वरची खाली घ्या!"

"बन्ने वात लखी छे ने, बेन?" साहेब म्हणाले. दोन्ही गोष्टी लिहिल्यात ना? "एक पण वात छोडी नथी."

"छोडी नथी, पण क्रम..."

"कोर्टमां बोलजो."

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, त्या खोलीत माझ्याखालोखाल त्यालाच कळलं होतं, आणि तो चकार शब्द बोलला नाही. किरण बोलायला गेला तर साहेबांनी हात वर केला. आबांनी पेन मागितलं.

"सही नका करू, आबा. तुमच्या पाया पडते."

"समदं खरंच तं लिखेल शे, बेटा," आबा म्हणाले. "कशाले भांडस?" आणि त्यांनी खाली मान घालून सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावत.

किरणची नोकरी गेली. त्याची ओळ मात्र राहिली, कंपनीने ती गुपचूप सगळ्या मिलमधल्या कार्डांत टाकली. नवं व्हर्जन, जास्त भरवशाचं, असं पत्रक काढलं. आता तिथला हिरवा दिवा खराच हिरवा असतो. चांगलं आहे, कुणाचा तरी जीव वाचेल. माझ्या तोंडून याहून जास्त कौतुक होणार नाही.

कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. दर तारखेला सरकारी वकील ते दोन ओळींचं वाक्य मोठ्याने वाचतो. खात्री न करता बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. आबा ऐकतात. पहिल्या काही तारखांना ते माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवायचे. मग नुसते ऐकायला लागले. मग घरी बसल्या बसल्या ओठ हलवायला लागले, आणि मायने कान देऊन ऐकलं तर त्याच क्रमाने. मी दर वेळी आमचा क्रम सांगायचे. "हां, हां," म्हणायचे आणि पुन्हा अंगठा बघत बसायचे.

परवा दुपारी छायाकाकू आली. इतक्या दिवसांनी आमचा उंबरा चढली. हातात वाटी होती, मेथीची. मायला रडू फुटलं. काकूने वाटी खाली ठेवली, आबांच्या समोर बसली. बारीक झाली होती फार.

"निंबाभाऊ," ती म्हणाली, "कोर्टनं माले काही समजत नही. तुमी माले खोटं सांगाव नहीत. एकच सांगा, मी मानी लेसू. आधी काय? दिवा का बटन?"

मी दारातच होते. देवा शप्पथ, मला वाटलं आता सुटलो आम्ही. कोर्ट गेलं चुलीत, हिला कळलं की पुरे. आबा, बोला.

आबांनी तोंड उघडलं. "आधी..." ते म्हणाले आणि थांबले. अंगठा बोटांवर फिरवला. काकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काकूकडे. किती वेळ ते शोधत राहिले, हरवलेलं काहीतरी गादीखाली चाचपडावं तसं.

"आते माले बी समजत नही, छाया," ते म्हणाले.

काकू बसल्या जागी दोनदा मान हलवून उठली. वाटी तिथेच राहिली. मी तिच्या मागे धावले, तिच्या घराचं दार लागलं तशी परत येऊन भिंतीवर दोन्ही हात आपटले. "आधी दिवा, काकू! आधी दिवा होता!"

भिंतीपलीकडून कडी लावल्याचा आवाज आला.